नऊशे मिलिसेकंद

माझा जुना लॅपटॉप अब्बांना दिला, तेव्हा त्याचं रूपही बदलून दिलं. लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप होता. २०११ साली आलेल्या जीटीके ३ पासून तिथल्या बटणांचा आणि चौकटींचा वेश सीएसएसमध्ये लिहिलेला असतो, वेबपानांचा असतो तसाच. मूळ थीमचं नाव ‘अद्वैता’. तिच्यात बटणाचा रंग २०० मिलिसेकंदांत बदलतो. पण आपल्या होम फोल्डरमध्ये स्वतःची सीएसएस फाइल ठेवली की तिच्यातल्या ओळी थीमच्या वरचढ ठरतात. मी एकच ओळ लिहिली: प्रत्येक बदल ९०० मिलिसेकंदांत, हळुवार. पाण्यात शाई पसरावी तसा रंग चढू लागला. मी खूश.

अब्बा निवृत्त शिक्षक. शाळेच्या आठवणी टाइप करून छापत. त्यांच्या प्रिंटरमधून पानं छापील बाजू वर करून पडतात, म्हणून शेवटचं पान आधी छापावं लागतं. त्यासाठी प्रिंटच्या चौकटीत ‘उलट क्रम’वर खूण करायची.

दोन महिन्यांनी घरी गेलो तर लॅपटॉपवर कापड झाकलेलं.

“खूण टिकतच नाही रे,” अब्बा म्हणाले. “हात कापतो आता माझा. वय झालं.”

मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी दाबलं. काहीच झालं नाही असं वाटून लगेच पुन्हा दाबलं. हात अजिबात कापत नव्हता. पहिल्या दाबालाच खूण लागली होती, ती दिसायलाच वेळ लागत होता. दुसऱ्या दाबाने ती निघाली.

जेकब निल्सन यांनी १९९३ च्या पुस्तकात लिहिलंय की प्रतिसाद ०.१ सेकंदात दिसला तर ‘लगेच झालं’ असं वाटतं. मी अब्बांना जवळजवळ एक सेकंद थांबवत होतो. माझ्या डोळ्यांना ती नजाकत होती. अब्बांनी मात्र ना यंत्राला दोष दिला, ना मला. स्वतःच्या हाताला दिला. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर एकदा शेजारी बसून पाहा.

“अब्बा, हात बरोबर आहे. माझी एक ओळ चुकली.”

“मग खोड ती,” ते म्हणाले, वर्गात म्हणत तसंच.

खोडली. सेटिंगमधून ॲनिमेशनही बंद केलं. त्या संध्याकाळी चौदा पानं छापली, सगळी क्रमाने.