आमच्या घरचा अंतिम सामना

आमच्या घरी 'पार्टी' हा शब्द मी प्रथम उच्चारला तेव्हा आईच्या हातातले लाटणे थांबले. आमच्या चाळीत पार्टी म्हणजे बोनसच्या रात्री होते ती, आणि तिच्यानंतर दोन दिवस काही घरांतून भांडी आपटल्याचे आवाज येतात. "तसली नाही गं," मी म्हणालो, "मित्र येणार, टीव्हीवर फुटबॉल बघणार. भेळ आणि चहा."

"मग भेळ आणि चहा असं म्हण की," म्हणत तिने पोळी तव्यावर टाकली. परवानगी मिळाली, असा मी अर्थ काढला.

खोपोलीत हे फुटबॉलचे खूळ कुठून आले, असे वाचक विचारतील. २९ जून २०२४ रोजी भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला तेव्हा सगळी चाळ रस्त्यावर नाचत होती, मीही होतो. फुटबॉल आमच्या वर्गात आणला तो कोल्हापूरकराने. बँकेतल्या नोकरीनिमित्त त्याचे वडील इकडे आले आणि हा पेठांच्या गोष्टी घेऊन आला. तालीम म्हणजे कुस्ती, एवढेच मला ठाऊक होते. पण त्यांच्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे फुटबॉलचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर ते भिडले की घराघरांत अबोला धरला जातो म्हणे. त्यानेच आम्हाला युरोपच्या स्पर्धेचा नाद लावला. अंतिम सामना स्पेन आणि इंग्लंड यांचा, बर्लिनला, १४ जुलैला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख १५.

बघायचा कुठे? कोल्हापूरकराची आजी आजारी. दुसऱ्या दोघांच्या सोसायटीत रात्री दहानंतर आवाज चालत नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. वर्षभरात वर्गातले कोणीही माझ्या घरी आले नव्हते. येणार नाही अशी व्यवस्था मीच ठेवली होती.

"बघून सांगतो," म्हणालो आणि घरी येऊन भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. बाबांचा जो दिवस भरतो त्या तारखेभोवती आई पेन्सिलीने गोल करते. त्या आठवड्यात त्यांना तिसरी पाळी होती, रात्री अकरा ते सकाळी सात. तेव्हा मी होकार कळवला. हे वाक्य लिहिताना पेन अडखळते आहे, पण लिहून टाकतो.

वर्गात मी सांगितले होते, "बाबा कंपनीत आहेत." ते खोटे नव्हते. अकरा वर्षे ते ठेकेदाराच्या यादीवर बदली कामगार आहेत, कायमचा माणूस आला नाही तर त्यांना आत घेतात, एवढेच फक्त मी सांगितले नव्हते.

असो. अंदाजपत्रकाकडे वळतो, कारण अर्थशास्त्राच्या तासाला मी जे शिकलो ते एवढेच. सात पाहुणे, प्रत्येकी ४० रुपये, जमा २८०. खर्च: केबलवाल्याकडून चॅनेल सुरू करून घेणे ३०, कुरमुरे अर्धा किलो ४०, फरसाण ५०, शेंगदाणे ४०, कांदा-टोमॅटो-मिरची-कोथिंबीर ५०, दूध एक लिटर ६०. चहा-साखर घरची. शिल्लक १० रुपये. त्यांची मेणबत्ती आणली. कुरमुऱ्यांना कोल्हापूरकर 'चिरमुरे' म्हणतो आणि त्यावरून अर्धा तास वाद झाला, तो बिनखर्चाचा.

आमची खोली दहा बाय बाराची. खाट उभी करून भिंतीला लावली, सतरंजी अंथरली. पत्रा गळतो तिथे आईने पातेले ठेवले आणि पाण्याचा टपटप आवाज येऊ नये म्हणून त्यात फडके टाकले. ही तिची स्वतःची युक्ती. तिला मी शेजारच्या मावशींकडे झोपायला सांगितले होते. "मला तशीही झोप लागायची नाही," ती म्हणाली. २०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की ती जागीच असते. ती मोरीजवळ पाट टाकून कांदा चिरत बसली. पळसदरीचा मित्र संध्याकाळच्याच गाडीने आला होता, त्याला जायचे होते पहाटेच्या गाडीने.

सामना सुरू झाला. गोल होईना. एकच्या सुमारास दाराची कडी वाजली. मी उघडले तर बाबा.

कायमचा माणूस उशिरा का होईना, आला होता. बाबा साडेअकरापर्यंत गेटवर थांबले, मग परत फिरले. रिक्षा नाही, म्हणून शिळफाट्याच्या पलीकडून पावसात चालत. दाराशी सात जोड चपला-बूट पाहून ते उंबऱ्यावरच थबकले. "असू दे, असू दे. मी बाहेर बसतो," म्हणाले. बाहेर म्हणजे कुठे, ते त्यांनाच ठाऊक.

मी काहीच बोललो नाही. बोलला तो कोल्हापूरकर. "काका, हितं या की," म्हणून तो सरकला. आईने टॉवेल दिला. बाबा सतरंजीच्या कडेला, ओली पँट सतरंजीला लागणार नाही असे, उकिडवे बसले.

मध्यंतरात वीज गेली. १९१५ सालापासून घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली आणून आमच्या खोपोलीत वीज होते आणि मुंबईला जाते. पण जुलैत एक फांदी पडली की आम्ही मात्र अंधारात! दहा रुपयांची मेणबत्ती कामी आली. तिच्या उजेडात बाबांनी रीतीप्रमाणे प्रत्येकाचे गाव विचारले, आणि पळसदरीवाल्याचा मामा त्यांच्या ओळखीचा निघाला. वीज आली तेव्हा स्पेनचा गोल होऊन गेला होता. निको विल्यम्सचा. चेंडू दिला होता लामिन यमालने. तो आदल्याच दिवशी सतरा वर्षांचा झालेला. आमच्यात सगळ्यांहून लहान.

मग सत्तराव्या मिनिटाला इंग्लंडचा एक खेळाडू बाहेर गेला आणि कोल पामर आत आला.

"हा कोण आता?" बाबांनी विचारले.

"बदली खेळाडू, काका. इतका वेळ बाहेर बाकावर बसला होता."

"बदली?" बाबा पुढे सरकले. "मग त्याला इतका वेळ आत का नाही घेतला?"

कोल्हापूरकर समजावू लागला तोवर पामरने गोल केला. आत येऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. पोरे ओरडली, आईने "हळू रे, हळू" केले, आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. ते इंग्लंडचे झाले. पण शहाऐंशीव्या मिनिटाला ओयार्झाबालने स्पेनला पुढे नेले, आणि तोही बदलीच निघाला. आता बाबांची पंचाईत झाली. "म्हणजे दोन्हीकडनं काम बदलीवाल्यांनीच केलं," ते हसत म्हणाले. आणि मग, पोरांकडे बघत, अगदी सहज, "मी पण बदलीच. आज गेटवरनं परत आलो."

मी सतरंजीची एक दशी ओढत बसलो. खोलीत कोणी काही म्हणाले नाही. कोल्हापूरकराने आपल्या पुढ्यातली भेळेची ताटली बाबांच्या पुढे केली. "घ्या काका. चिरमुरे आहेत."

"कुरमुरे," बाबा म्हणाले, आणि घेतले.

स्पेन २-१ ने जिंकला. पहाटे सगळे निघाले तेव्हा बाबा छत्री घेऊन पळसदरीवाल्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेले. मी खाट खाली घेतली. कॅलेंडरवर १४ तारीख तशीच कोरी राहिली. माझ्या २८० रुपयांच्या हिशेबात ती कुठेच मांडलेली नव्हती.

आता मित्र माझी वाट न बघता घरी येतात. चार-पाच महिन्यांनी एकदा जेवताना बाबांनी एकाएकी विचारले, "त्या इंग्लंडच्या पोराचं पुढे काय झालं रे?"

"ती स्पर्धा संपली, बाबा."

"स्पर्धा संपली ते कळलं. पण त्याला कायम केला का?"