अण्णांचं घड्याळ आणि धुळ्याची एसटी

मैत्रिणींनो, दिवाळीच्या झाडझुडीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात काय काय सापडतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. यंदा मला सापडलं आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मनगटी घड्याळ. रुमालात गुंडाळलेलं, बंद पडलेलं. पट्टा कुजलेला, काच धुरकट, कडेकडेनं काळा मळ. अण्णा शेवटचे चार महिने औषधोपचारासाठी आमच्याकडे जळगावला होते. गेल्या पौषात ते गेले आणि घड्याळ इथंच राहिलं.

वर्षश्राद्ध धुळ्याला थोरल्या दिरांकडे व्हायचं होतं. माझ्या मनात आलं, तोवर घड्याळ लखलखीत करावं आणि त्या दिवशी सासूबाईंच्या हातात ठेवावं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. धुळे–जळगाव ही त्यांची नेहमीची गाडी. 1979 साली त्यांच्या लग्नात सासूबाईंच्या वडिलांनी हे एचएमटीचं चावीचं घड्याळ जावयाला दिलं. त्या काळी जावयाला घड्याळ म्हटलं की एचएमटी! 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला सरकारी कारखान्यात ही घड्याळं होऊ लागली, आणि पुढं घराघरांत पोचली. 2016 साली सरकारनं तो घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं. तरी तुमच्या-माझ्या घरांतल्या कप्प्यांत ती अजून आहेतच की!

आता माझा वेडेपणा सांगते. घड्याळ स्टीलचं, मग आपल्या डब्या-वाट्यांसारखं घासलं तर काय बिघडलं? असा विचार करून मी भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेतली आणि मागच्या झाकणावर चार हात मारले. मळ गेला खरा, पण झाकणावर अण्णांच्या नावाची आद्याक्षरं आणि लग्नाची तारीख कोरलेली होती, तिच्यावर धुकं धरल्यासारखं झालं. पोटात धस्स झालं. यांना सांगायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच सराफ बाजारात गेले. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. इथं दागिने उजळणारे पुष्कळ. म्हटलं, जो सोनं उजळतो त्याला स्टील काय अवघड? आमच्या माहितीच्या पॉलिशवाल्यानं घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

म्हणाला, "ताई, चाकावर धरलं की आरशासारखं होईल. पण चमक वरून लागत नाही, धातू खाऊन येते. सोनं असतं तर घट लिहून दिली असती. याची घट कोण लिहिणार? ही अक्षरं आहेत तेवढीही जातील."

मी चपापले. आपण सराफाकडे घट म्हणून रागावतो, पण ती घट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. सराफांच्या दुकानापुढची माती झारेकरी उगाच धुतात का? घासलेलं कुठंतरी जातंच! त्यानंच मला सांगितलं, की आधी चांगल्या घड्याळजीकडून आतलं मशीन काढून घ्या. मशीन आत असताना चाकावर धरलं तर धूळ आत जाते आणि तापतंही.

चांगला घड्याळजी कोण? दिरांना फोन केला तर म्हणाले, धुळ्याला एक जुने काका अजून दुकानात बसतात. मग काय, एका रविवारी घड्याळ रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि सकाळची धुळ्याची एसटी धरली.

या रस्त्यानं मी लग्नापासून कितीदा गेले असेन. पण त्या दिवशी अण्णांचं घड्याळ मांडीवर होतं, म्हणून सगळं निराळंच दिसलं. जळगाव सोडलं की बांभोरीशी गिरणेचा पूल, मग विद्यापीठ, पाळधी. पुढं एरंडोल, तिथून पारोळा. पारोळ्याचा भुईकोट किल्ला आणि बालाजीचं देऊळ प्रसिद्धच आहे. मग मुकटी, फागणे आणि धुळं. सगळं मिळून नव्वदएक किलोमीटर. कापसाची वेचणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं रान आणि ओट्या बांधलेल्या बाया वाकलेल्या. आता रस्ता रुंद झाला, कंडक्टरच्या हाती तिकिटाचं यंत्र आलं. अण्णांच्या वेळी डाव्या हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि उजव्या हातात पंच. हा पंच दांड्यावर वाजवत ते गर्दीतून वाट काढत. घड्याळ ते पाच मिनिटं पुढंच ठेवायचे. म्हणायचे, "गाडी लेट झाली तर चालेल, कंडक्टर लेट चालायचा नाही."

धुळ्याला उतरले ती थेट आग्रा रोडच्या बाजूला काकांच्या दुकानात. दुकान कसलं, एक टेबल आणि काचेचं कपाट. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "मशीन चांगलं आहे. तेल वाळलंय, एवढंच. किती वर्षं साफ केलं नाही?" मी गप्प. आतले तांबडे खडे त्यांनी मला भिंगातून दाखवले. सतरा खडे! आमच्या सोन्याच्या गावची मी, लगेच विचारलं, "खरे माणिक?" ते हसले. "कारखान्यात केलेले असतात ताई. मोल नाही त्यांना. पण त्यांच्यावर चाकाची टोकं फिरतात म्हणून झीज होत नाही."

माझ्या तारेच्या घासणीची कबुली दिली. ते रागावले नाहीत. म्हणाले, स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा वर धरतो, म्हणून ते गंजत नाही. तारेच्या घासणीचे लोखंडी कण त्यात रुतले, की तेच गंजतात आणि आपण म्हणतो स्टीलला गंज आला. (बायांनो, हे आपल्या डब्यांनाही लागू!)

मग त्यांनी घड्याळाची डावीकडची कड माझ्यापुढं धरली. तिथं स्टील सपाट घासून गेलं होतं आणि एक बारीक खळगा पडला होता. "हे काढू का? काढायचं तर सगळी कड उतरवावी लागेल. कुणाचं घड्याळ? काम काय करायचे?"

"एसटीत कंडक्टर."

"मग ही ट्रेची खूण. मी ठरवू शकत नाही. ज्यांचं घड्याळ आहे, त्यांना विचारून या."

झालं! माझा सगळा बेत फिसकटला. दुपारी घरी जाऊन सासूबाईंपुढं घड्याळ ठेवलं. अक्षरांची गोष्टही सांगून टाकली. त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. मग तोच अंगठा त्या घासलेल्या कडेवर गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कसाले काढस माय? अक्षरं माझ्या बापानं कोरून दिली होती. हे मात्र त्यांनी स्वतः कोरलं. तीस वर्षं."

मला काही बोलता आलं नाही. मी चमक आणायला निघाले होते, आणि त्या चमकेखाली अण्णांची अख्खी नोकरी पुसून टाकणार होते.

काकांनी मशीन खोलून धुतलं, तेल घातलं, काच उजळली, नवा पट्टा लावला. कड तशीच ठेवली. अक्षरं पुन्हा कोरायची का, असंही त्यांनी विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या. पुसट दिसतात, पण उजेडाला तिरकं धरलं की वाचता येतात.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल, तर काकांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

आधी मागचं झाकण वाचा. "स्टेनलेस स्टील बॅक" असं लिहिलं असेल, तर स्टीलची हमी फक्त झाकणाची. बाकीचं बऱ्याचदा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेलं असतं. ते घासलं की कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं खालचं पितळ दिसू लागतं, आणि त्याला घरी उपाय नाही.

जुनं घड्याळ पाण्यात बुडवू नका, मागं वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी. आतलं रबर कडक झालेलं असतं. धुवायचंच तर घड्याळजीनं मशीन काढून दिल्यावर. तेव्हा कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दातब्रश पुरतो. कोपऱ्यातला मळ लाकडी काडीनं काढा. मग कोरड्या फडक्यानं पुसा.

मशीन आत असेल, तर नुसतं किंचित ओलं मऊ फडकं आणि लगेच कोरडं. कपडे धुण्याचं ब्लीच स्टीलला लागू देऊ नका, त्यानं बारीक खड्डे पडतात.

काच प्लॅस्टिकची असेल, तर वाटाण्याएवढी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन गोल गोल हलक्या हातानं चोळा. बारीक चरे जातात. खऱ्या काचेवर मात्र याचा उपयोग नाही.

चावी रोज एकाच वेळी, घड्याळ हातातून काढून द्या. घट्ट लागली की थांबा. फ्रिजच्या चुंबकापाशी किंवा स्पीकरजवळ ठेवू नका, नाहीतर ते उगाच पुढं पळतं.

आणि कोणताही चरा काढण्याआधी, तो कशानं पडला हे घरात कुणाला ठाऊक असेल, तर त्यांना विचारा.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळं आवरल्यावर सासूबाईंनी घड्याळ मागितलं. चावी दिली, कानाशी धरलं. मी भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवून ठेवली होती. त्यांनी चावी ओढली आणि काटा पाच मिनिटं पुढं सरकवला.