दाखला तक्त्यातच राहू दे

स्कॅन केलेले दाखले डेटाबेसमध्ये ठेवायचे, की फाइल डिस्कवर आणि तक्त्यात नुसता तिचा पत्ता? आज पुन्हा तोच वाद. लहान फायलींसाठी मी ठामपणे डेटाबेसच्या बाजूचा. नोंद आणि दाखला एकाच व्यवहारात जतन होतात; मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही उरत नाही. नुसता पत्ता असेल तर कधीतरी कुणी फोल्डर हलवतं आणि नोंद पोरकी होते. एखाद्या मुलीचा जातीचा दाखला असा हरवावा, हे मला सहन होत नाही.

पोस्टग्रेसची रीत मला फार आवडते. त्याचं पान ८ केबीचं. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की मोठी मूल्यं ते आधी दाबून बघतं, तरी मावली नाहीत तर तुकडे करून शेजारच्या वेगळ्या तक्त्यात ठेवतं. (जेपेग आधीच दाबलेलं असतं, तिथे फारसं काही वाचत नाही.)

जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएसवर मोजून पाहिलं: २५६ केबीच्या आत डेटाबेस सरस, १ एमबीच्या वर फाइल सिस्टीम. व्हिडिओ खुशाल डिस्कवर ठेवा. पण बेस६४ करून मजकुराच्या रकान्यात काही कोंबू नका. आकार उगाच एक तृतीयांशाने वाढतो.