टक्का कशाचा?

शेकडेवारीच्या शाब्दिक उदाहरणांतील गुणाकार-भागाकार सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याइतका सोपा असतो, तरीही शिष्यवृत्ती परीक्षेपासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपर्यंत सर्वत्र या उदाहरणांत गुण गमावले जातात, कारण ती अंकांनी मांडलेली असली तरी भाषेने सुटतात. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग, एवढी व्याख्या सर्वांना पाठ असते. परंतु ‘वीस टक्के’ हे शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत, त्यांना ‘कशाचे’ या प्रश्नाचे उत्तर सोबत लागते. ज्या राशीला शंभर मानून मोजणी होते तिला पाया म्हणावे, आणि हा पाया ओळखणे हेच अशा उदाहरणातले मुख्य काम आहे.

मराठीपुरते बोलायचे तर हा पाया व्याकरणातच सांगितलेला असतो. ‘अ चा पगार ब च्या पगारापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आहे’ या वाक्यात ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय ज्याला जोडलेले आहे तो ब चा पगार हा पाया होय. तो १०० धरला तर अ चा पगार १२५ होतो. प्रश्न जर ब चा पगार अ च्या पगारापेक्षा किती टक्क्यांनी कमी, असा उलटा विचारला, तर ‘पेक्षा’ जागा बदलते, पाया १२५ होतो आणि तोच २५ चा फरक आता २० टक्के ठरतो. ‘नी’ आणि ‘वर’ यांचेही असेच आहे. ५०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी उतरली तर ती ४०० रुपयांना मिळते, पण तिची किंमत मूळ किमतीच्या २० टक्क्यांवर आली तर ती १०० रुपयांना मिळते. तृतीयेचा प्रत्यय बदल सांगतो, ‘वर’ हे अव्यय बदलानंतरची स्थिती सांगते, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच दोन अक्षरे सुटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, त्याला सर्वत्र ‘पाव टक्क्याची कपात’ म्हटले गेले, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘दर किती टक्क्यांनी घटला’ असा प्रश्न काटेकोरपणे घेतला तर पाया ६.५० होतो आणि उत्तर ३.८५ टक्क्यांच्या आसपास येते. दोन दरांमधली साधी वजाबाकी आणि आधीच्या दराच्या प्रमाणात झालेली घट या दोन निराळ्या राशी आहेत, हे शाळेत वेगळे करून शिकवायला हवे.

पाया वाक्यात न लिहिता गृहीत धरलेला असतो तेथे व्यवहाराचे संकेत माहीत असावे लागतात: नफा-तोटा खरेदी किमतीवर, सूट छापील किमतीवर आणि व्याज मुद्दलावर मोजले जाते. दुकानदाराने खरेदीपेक्षा २५ टक्के चढी किंमत छापली आणि गिऱ्हाइकाला २० टक्के सूट दिली, तर त्याला नफा किती, या उदाहरणात ५ टक्के हे उत्तर पर्यायांत बहुधा असतेच, कारण पर्याय रचणारा चुकीचा पाया धरणाऱ्याची वाट आधी चालून पाहतो. खरे उत्तर असे की १०० ची वस्तू १२५ ला छापली, तिच्यावर सूट २५ रुपये झाली आणि विक्री पुन्हा १०० लाच झाली. नफाही नाही, तोटाही नाही. त्याच चालीवर, वस्तू-सेवा करासह ११८० रुपयांच्या बिलात १८ टक्के कर किती, असे विचारले तर ११८० चे १८ टक्के काढणे चूक आहे. कर मूळ किमतीवर आकारलेला असल्याने ११८० हे ११८ भाग होतात, एक भाग १० रुपयांचा होतो आणि कर १८० रुपये निघतो.

या विचाराची मुळे त्रैराशिकात आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन ज्ञात राशी मांडून चौथी काढण्याची रीत दिलेली आहे, आणि व्याजाची उदाहरणे दरमहा दर शेकडा अशा दरानेच घातलेली आहेत. त्या मांडणीचा मोठा गुण असा की प्रमाण, म्हणजे ज्यावर फल सांगितले आहे ती राशी, वेगळ्या जागी लिहावीच लागते. आजच्या ‘%’ या खुणेत ती शंभरी दडून बसते आणि तिच्याबरोबर पायाही दिसेनासा होतो. महाराष्ट्रात या परंपरेला एक खास ठिकाण आहे, कारण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

त्रैराशिकाखेरीज मराठी घरांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी ही अपूर्णांकांची पाठांतरे होती, आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे होते, म्हणून चार आणे म्हणजे २५ टक्के आणि दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के, हे वेगळे शिकावे लागत नसे. हे अपूर्णांक आजही परीक्षेत सर्वांत उपयोगी पडतात. साखर २५ टक्क्यांनी महाग झाली आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल, तर वापर किती टक्क्यांनी घटवावा? किंमत सवापट झाली, म्हणजे चाराचे पाच भाग झाले. तेवढ्याच पैशांत आता पाचातले चारच भाग येतील, म्हणून वापर एक पंचमांशाने, अर्थात २० टक्क्यांनी, घटवावा लागेल. यावरून एक तृतीयांश वाढ असेल तर एक चतुर्थांश घट, एक अष्टमांश वाढ असेल तर एक नवमांश घट, हे कागदाविना कळते. लागोपाठच्या दोन बदलांसाठी शिकवणी वर्गांत पाठ करून घेतले जाणारे सूत्र गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, पण दुसरा टक्का पहिल्या बदलानंतरच्या राशीवर लागतो ही त्याची अट सूत्राबरोबर शिकवली जात नसेल, तर ते सूत्र विद्यार्थ्याला वाचन टाळायला शिकवते, आणि हे नुकसान मोठे आहे.

आणेवारी हा शब्द आता पैसेवारी झाला आहे, आणि तीही पाया असलेली टक्केवारीच आहे: गावातील चालू हंगामाचे उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या किती टक्के, हे ती सांगते, आणि ५० पैशांखाली गेलेले गाव टंचाईच्या निकषात बसते. चालू उत्पन्न एकरी तीन क्विंटल असेल आणि प्रमाण उत्पन्न सात धरले, तर पैसेवारी सुमारे ४३ येते. तेच प्रमाण पाच धरले, तर ६० येते. शेतातले पीक तितकेच राहते. बदलतो तो केवळ पाया, आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा दिलासा त्यावर अवलंबून असतो.

सर्वांत अवघड उदाहरणे ती, ज्यांत पायाच उदाहरणाच्या मध्यावर आकसतो. ताज्या द्राक्षांत ८० टक्के पाणी आणि बेदाण्यांत १५ टक्के पाणी असल्यास ८५ किलो द्राक्षांपासून किती बेदाणे होतील, या प्रश्नात बरेच विद्यार्थी ८० मधून १५ वजा करतात आणि ८५ किलोंचे ६५ टक्के वजन कमी झाले असे धरून पुढे जातात. पण ते ८० टक्के द्राक्षांच्या वजनाचे आणि १५ टक्के बेदाण्यांच्या वजनाचे असल्याने त्यांची वजाबाकी होऊच शकत नाही. अशा वेळी जे बदलत नाही ते शोधावे. उन्हात पाणी उडते, गर राहतो. ८५ किलो द्राक्षांत गर २० टक्के म्हणजे १७ किलो, आणि हेच १७ किलो बेदाण्यांच्या वजनाचे ८५ टक्के आहेत, म्हणून बेदाणे २० किलो निघतात.