माझी पहिली गाडी

मी नांदेडच्या एका शाळेत शिक्षक आहे. कुणाला पतंगाचा छंद असतो, कुणाला तिकिटे जमवण्याचा. मला जुनी गाडी दुरुस्त करण्याचा छंद आहे. हा छंद मला कसा लागला आणि त्याने मला काय शिकवले, ते सांगतो.

बी.एड. झाल्यावर मला नोकरी लागली. थोडे पैसे साठले. पण नवी गाडी घेण्याइतके नव्हते. एकदा मी लातूरला फुफीकडे गेलो होतो. तिच्या शेजाऱ्यांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली एक 'प्रीमियर पद्मिनी' उभी होती. तिच्या टायरांतली हवा गेली होती, पत्र्याला गंज चढला होता आणि मागच्या सीटवर मांजरीची पिल्ले झोपली होती. मालक ती भंगारात देणार होते. मी ती त्याच भावात घेतली आणि ट्रकवर चढवून नांदेडला आणली.

ही गाडी आपल्या महाराष्ट्रातच तयार होत असे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी घराघरांत माहीत झाली. शेवटच्या नोंदणीची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध मिस्त्री आहेत. सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणतात. शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाई. त्यांनी मला पाना धरायला शिकवले. आम्ही कार्बोरेटर उघडून रॉकेलने धुतला, प्लग घासले, जुन्या वायरी बदलल्या. दोन महिन्यांनी इंजिन सुरू झाले, तेव्हा मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवू लागलो.

उस्ताद म्हणाले, "सर, आता आधी ब्रेकचे काम करा. रबर जुने झाले आहे."

पण ईद जवळ आली होती. माझ्याजवळ मोजकेच पैसे उरले होते. ते मी रंगावर, नव्या सीट कव्हरवर आणि दोन मोठ्या स्पीकरवर खर्च केले. ब्रेकचे काम ईदनंतर करू, असे मी ठरवले. गाडी आरशासारखी चमकू लागली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बांना घेऊन मी लातूरला निघालो. लोहा मागे टाकल्यावर एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, तर पाय सरळ तळाला टेकला! ब्रेकच्या तेलाच्या दाबामुळे चाके थांबतात. रबर फाटून तेल गळाले, की दाबच राहत नाही. मी गिअर उतरवला, हाताचा ब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याखाली घातली. ती बाभळीच्या झुडपात अडकून थांबली. शेळ्या वाचल्या, पण अब्बांचा चष्मा फुटला आणि कपाळातून रक्त आले.

अब्बा रागावले नाहीत. रुमालाने कपाळ पुसत ते म्हणाले, "बेटा, गाडी सुंदर झाली आहे. आता तिला थांबायला शिकव."

माझी मान खाली गेली. रंग लोकांना दिसतो, ब्रेक दिसत नाही, म्हणून मी रंग आधी निवडला होता.

नांदेडला परतल्यावर मी स्पीकर विकले. चारही चाकांच्या ब्रेकचे काम केले. पुढच्या सीटना पट्टे बसवले. काही मित्र म्हणाले, "मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लाव." मी नकार दिला. तसा आवाज लोकांना त्रास देतो आणि कायद्यालाही ते मान्य नाही. रंगसुद्धा बदलला, तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद करावी लागते. म्हणून मी गाडीचा मूळ रंगच ठेवला आहे.

आज अब्बा त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसतात आणि आधी पट्टा लावतात.

'दुरुस्त' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. मी रोज मुलांच्या वह्या दुरुस्त करतो. पण स्वतःची चूक दुरुस्त करायला मला त्या जुन्या गाडीने शिकवले.