अष्टमीची ओहोटी

जामनेरचे एक वृद्ध कापूस-व्यापारी वयाच्या बहात्तराव्या वर्षी प्रथमच अलिबागला गेले. गाठी मुंबईस पाठविण्यात उभे आयुष्य सरले. समुद्र मात्र त्यांनी गेटवेवरून पाहिला तेवढाच. सोबत मुलगा, सून आणि पुण्याच्या नोकरीवर रुजू होण्यास निघालेला नातू. पेढीवर आता कोण बसणार, हा विषय प्रवासात कोणीच काढला नाही.

सकाळी नऊला सारे किनाऱ्यावर आले. समोर कुलाबा किल्ला. १६८० मध्ये शिवरायांनी उभारणीस घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे ठरलेला. ओहोटीत तेथे पायी जाता येते, एवढे नातवाने वाचले होते. कोणत्या वेळी, ते पाहिले नव्हते. तो पाण्यात शिरलाही. एका कोळ्याने हटकले, "पोरा, मागे फिर. आज तिथी कोणती?"

शेठजींना तिथी आठवावी लागली नाही. अष्टमीचे त्यांचे एकासणे होते. कोळी म्हणाला, "तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते."

"आठाची पाऊणकी सहा," शेठजी तत्काळ उत्तरले. "म्हणजे ओहोटी बाराला."

कोळी हसला. "बरोबर, शेठ. पण आज भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, तसे फार ओसरतही नाही. बारालाही गुडघाभर राहील. एकच्या आत परता." उधाण येते ते अमावास्या-पौर्णिमेस, चंद्र-सूर्य एका रेषेत आल्यावर.

मधल्या वेळात त्यांनी गावातील कान्होजींची समाधी पाहिली. अली नावाच्या धनिकाने विहिरी खोदून बागा केल्या, त्यावरून गावास हे नाव पडले, असे सांगतात. शेठजींना कान्होजींपेक्षा अलीचेच कौतुक अधिक वाटले!

साडेअकराला नातवाचा हात धरून ते पाण्यात उतरले. किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असता, गोड्या पाण्याची विहीर आहे. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. चाखले मात्र नाही. एकासण्याला ते उकळलेलेच पाणी घेत. तटावरील चाकांच्या इंग्रजी तोफांपाशी नातू रेंगाळला.

"दादाजी, पाचच मिनिटे."

"पाऊण वाजला. चल."

परतताना पाणी गुडघ्यावर आले होते. वाळूवर पाय टेकल्यावर नातवाने मागे वळून पाहिले आणि काही बोलला नाही.

संध्याकाळी मांडव्याहून सुटलेल्या बोटीत त्याने पाऊणकी पहिल्यापासून म्हणायला लावली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन... शेठजी म्हणत होते आणि तो मोबाईलमध्ये लिहून घेत होता.