दोन फॉर्म

3 मे
नाइट. सलग चौथी. व्हेंटिलेटरवर तीन पेशंट, मी एकटी. नियमात एकाला एक.

4 मे
दिवसा झोप नाही. एम.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम वाचत पडले. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, शिवाय आपला विषय. दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि प्रबंध. स्टॅटिस्टिक्स! दहावीला गणितात 41.
पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला 58 टक्के. अट 55 ची. वाचले.

7 मे
इनचार्ज सिस्टरांनी दुसऱ्या कोर्सचं काढलं. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. तोही दोन वर्षांचा, पण रेसिडेन्सी. वर्ग कमी, बाकी सगळं आयसीयूतच. प्रोटोकॉलमध्ये राहून काही निर्णय स्वतः घ्यायचे.
विचारलं, नंतर पद कुठलं?
त्यांनी ड्यूटी रजिस्टर मिटलं. "स्टाफ नर्सच म्हणतील बहुतेक."

8 मे
आईचा फोन. "कॉलेजात शिकवायला लाग. खुर्ची मिळेल. कंबर राहील." ती एएनएम होती, उपकेंद्रावर 31 वर्षं. तिची कंबर गेली, म्हणून माझी वाचवायची आहे.
मी म्हटलं, बाळंतपणाच्या नर्स प्रॅक्टिशनरचाही कोर्स निघालाय, 18 महिन्यांचा. हसत सुटली. "बॅटरीच्या उजेडात केली गं मी. त्याला आता कोर्स?"

12 मे
परिचारिका दिन. प्लॅस्टिकमधला एकेक गुलाब. केक. नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार मी घातला. हातात दिवा घेतलेला तोच फोटो. बाईंनी 1858 मध्ये सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी पाकळ्यांच्या आकृतीत मांडली होती, ते भाषणात कुणी बोललं नाही. आकड्यांना भिणाऱ्या बाईने हार घातला हेही कुणाला कळलं नाही.
केक संपायच्या आत दोघींना वॉर्डात परत बोलावलं.

16 मे
बेड 7. आजी, साठेक किलो. रात्री बाराला लघवी 40, एकला 25, दोनला 15 मिली. बीपी 104 वरून 88. हात गार, अंग तापलेलं. ड्यूटी डॉक्टरांना फोन. "सकाळी बघू." परत फोन. तिसऱ्यांदा केला तेव्हा आवाज चढला, त्यांचा आणि माझाही. पावणेचारला आले. मग कल्चर, अँटिबायोटिक, फ्लुइड, नॉरअ‍ॅड, सगळं एका दमात.
पावणेदोन तास. त्या वेळात मी काय केलं? चार्ट भरला. छान अक्षरात.

17 मे
ऑफ. जेवले नाही.

19 मे
आजींची लघवी 50. कुणाला सांगू?

21 मे
कॉलेजच्या मुली पोस्टिंगला. पाच जणी, नवे एप्रन, डोळे व्हेंटिलेटरवर. म्हटलं, आधी पेशंटकडे बघा, मशीन नंतर. सक्शन दाखवलं. आत जाताना ओढायचं नाही, बाहेर येताना ओढायचं, दहा-पंधरा सेकंदांत संपवायचं. एकीचा हात थरथरत होता. तिच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या वेळी तिनं एकटीनं केलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला दिवसभर पुरलं.
म्हणजे शिकवणंही आवडतं. आता आली का पंचाईत!

27 मे
रात्री ह्यांच्याबरोबर हिशेब. घराचा हप्ता, पिंकीची बालवाडी. एम.एस्सी.नंतर ट्यूटरची नोकरी, दहा ते पाच, रविवार सुट्टी. "पिंकी तुला दिवसा बघेल तरी." बोलणं चुकीचं नाही. म्हणूनच राग आला.

2 जून
स्टाफ नर्सची परिसेविका होते, परिसेविकेची अधिसेविका. ज्या चढल्या त्यांच्या हाती सलाइन जाऊन चाव्या आल्या, मग फाइली. आमच्याकडे वर जायचं म्हणजे पेशंटपासून लांब जायचं. आईला म्हटलं तर म्हणाली, "मी चढलेच नाही, म्हणून कंबर गेली."

9 जून
दोन्ही फॉर्म भरलेत. सबमिट एकही नाही.

11 जून
आजी वॉर्डात शिफ्ट. जाताना माझं नाव विचारलं. सिस्टर म्हणा, म्हटलं.

13 जून
थरथरणारी मुलगी पॅसेजमध्ये भेटली. "मॅडम, तुम्ही आमच्या कॉलेजला येणार ना?" लिफ्ट आली, बरं झालं.

15 जून
इनचार्ज सिस्टरांकडे अनुभवाचा दाखला मागितला. "कशासाठी लिहू?"
"क्रिटिकल केअर. रेसिडेन्सी."
चष्म्यावरून बघितलं. "पदाचं कळलं?"
"नाही."
लिहायला लागल्या. शिक्का उद्या मिळेल. घरी अजून सांगायचंय. आज नाइट, दोन व्हेंटिलेटर.